तार तुटते ती माडामुळे

प्रश्न : माझं घर हर्णैजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संचाचा, परवाना नुकताच मिळाला. चाळीस मीटर बँडचा (साधारण तेवढ्या तरंगलांबीच्या लहरींचा) वीस मीटर लांबीचा डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, गच्चीवरच्या पाइपापासून मागच्या माडापर्यंत बांधलाय. पावसाळ्यात तो दोनदा तुटला. आता जाड तार घेऊन घट्ट ताणू का?
– एक वाचक, ता. दापोली

उत्तर : अजिबात ताणू नका. पाइप जागचा हलत नाही आणि माड झुलायचा थांबत नाही. मधल्या मधे हिसका बसतो तो तारेला. तार जाड केलीत तर पुढच्या खेपेला पाइप वाकेल, एवढंच.

माडाकडच्या टोकाला कप्पी लावा. दोरी तिच्यावरून खाली सोडा आणि शेवटी पाचेक किलो वजन टांगा. माड झुकला की वजन वर जाईल, सरळ झाला की खाली येईल. तारेवरचा ताण साधारण तेवढाच राहील. मधोमध अर्धा मीटर झोळ दिसेल, दिसू द्या. रेडिओला त्याचं काही नाही.

वजनासाठी मी आधी उघड्या बादलीत जांभ्याचे तुकडे भरले होते. आषाढातल्या एका रात्री बादली पावसाने काठोकाठ भरली आणि सकाळी तार अंगणात! तेव्हापासून तेलाचा पाच लिटरचा कॅन वापरतो. आत कोरडी वाळू, वर घट्ट झाकण.

कप्पी स्टेनलेस स्टीलचीच घ्या, साधी लोखंडी खाऱ्या हवेत गंजून अडकते. बंदरावर होड्यांचं सामान विकणाऱ्याकडे मिळेल. दोरी काळी पॉलिस्टरची. नायलॉन भिजलं की सैलावतं, आणि ती स्वस्त पिवळी दोरी उन्हाने वर्षा-दोन वर्षांत भुगा होते. तारेच्या मध्यापासून रेडिओकडे येणाऱ्या केबलचा भार मधल्या सोल्डरिंगवर टाकू नका, केबल आधी मधल्या इन्सुलेटरला (वीज न वाहणाऱ्या तुकड्याला) बांधून घ्या.

दोरी उंचीच्या दुप्पट ठेवा, म्हणजे पाडेली (माडावर चढणारा) न बोलावता तार खाली घेता येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आपल्याकडे माडच उन्मळले. तिथे कप्पी काय करणार? वादळाचा इशारा आला की तार उतरवा, केबल रेडिओपासून काढून ठेवा.

आणि हो, त्या माडाजवळून विजेच्या तारा जात असतील तर दुसरा माड शोधा.