कादंबरी मोकळी, तुमची सही मात्र अडकलेली

‘जुन्या इंग्रजी रहस्यकथेचं मराठी रूपांतर केलंय, कॉपीराइट संपलाय ना?’ हा प्रश्न पटकथालेखकांकडून हल्ली सारखा येतो. ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरीवरून लिहिलेल्या तुमच्या मराठी वेबमालिकेबद्दल तुम्हीही तोच विचारलाय, आणि तुमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. ‘द माल्टीज फाल्कन’चा लेखक डॅशिल हॅमेट जानेवारी १९६१मध्ये वारला. आपल्या कायद्यातली मृत्यूनंतरची ६० वर्षं २०२१च्या अखेरीस संपली. कादंबरी १९३०ची, म्हणून अमेरिकेतली ९५ वर्षंही २०२५बरोबर संपली. या दोन्ही देशांत कादंबरीसाठी कुणाची परवानगी लागत नाही.

पण तुमचं प्रकरण त्यावर ठरणारच नाही. ते ठरेल तुम्ही पाठवलेल्या करारातल्या अकराव्या कलमावर. पटकथेचे सर्व हक्क ‘जगभरासाठी, निर्वेध’, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हक्क न लागता, तुमच्याकडे आहेत, आणि कुणी दावा केला तर निर्मात्याचं नुकसान, वकिलाच्या फीसकट, तुम्ही भरून द्याल, असं त्यात आहे. रकमेला मर्यादा नाही. पहिला हप्ता मिळत होता म्हणून न वाचता सही केली, म्हणता. नऊ पानांचा करार! वेबमालिकेचे आठ भाग लिहिणाऱ्याला तेवढं वाचायला जड जायला नको होतं.

जगभर म्हणजे युरोपही आला. तिथे सर्वसाधारण मुदत मृत्यूनंतर ७० वर्षांची. त्या हिशेबानं २०३१ची अखेर. काही देश परदेशी पुस्तकाला मूळ देशातली कमी मुदत लावतात, काही जुन्या तहांमुळे लावत नाहीत. देशागणिक नेमकं काय, हे मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. तुम्ही मात्र सांगून बसलात, तेही लेखी.

याच कादंबरीचा इतिहास बघा. १९३०मध्ये तिचे चित्रपटहक्क वॉर्नर ब्रदर्सला साडेआठ हजार डॉलरना विकले गेले. पुढे हॅमेटनं सॅम स्पेड हे कादंबरीतल्या गुप्तहेराचं पात्र रेडिओला वापरू दिलं, तेव्हा वॉर्नरनं कोर्ट गाठलं. १९५४मध्ये अपिलात निकाल लागला, की पात्राचा हक्क करारात स्पष्ट लिहून दिलेला नाही, सबब तो लेखकाकडेच राहिला. हॅमेट बचावला तो कागदावर कमी लिहून दिल्यामुळे. तुमचा कागद नेमका उलटा आहे.

चित्रपटाबद्दलही एक सांगतो. याच कादंबरीवरचा, हम्फ्री बोगार्ट नायक असलेला १९४१चा चित्रपट भारतात मोकळा आहे, अमेरिकेत २०३६ संपेपर्यंत नाही. तुमच्या शेवटच्या प्रसंगात गुप्तहेर पुतळ्याकडे बघत स्वप्नांबद्दल जे वाक्य बोलतो, ते कादंबरीत नाही. चित्रपटवाल्यांनी शेक्सपिअरवरून घेतलेलं आहे. एका वाक्यावर कुणी दावा जिंकेल असं मला वाटत नाही, पण तुमची हमी नुसता दावा झाला तरी लागू होते, हरण्याजिंकण्याची अट त्यात नाही. तो प्रसंग काढा. कादंबरी शेजारी ठेवून बाकीची पटकथाही तपासा. जे फक्त पडद्यावर पाहिलंय ते गाळा.

निर्मात्याच्या वकिलानं हक्कांची कागदपत्रं मागून दोन महिने झाले आणि तुम्ही गप्प आहात. या गप्प बसण्याचाच मला जास्त राग येतो. मालिका प्रदर्शित झालेली नाही तोवर तुमच्या शब्दाला वजन आहे, नंतर कुणी विचारणार नाही. याच आठवड्यात लेखी उत्तर द्या, फोनवर नको. पुरवणी करार मागा: हमी भारत आणि अमेरिकेपुरती, भरपाई जास्तीत जास्त मिळालेल्या मानधनाइतकी, युरोपात दाखवायची असेल तर तिथल्या वकिलाचं मत निर्मात्यानं त्याच्या खर्चानं घ्यायचं. प्लॅटफॉर्मलाही स्वच्छ हक्क हवेच असतात, त्यामुळे निर्माता अगदीच झिडकारेल असं नाही. खात्री मात्र देत नाही.

कलम कोर्टाकडून रद्द करून घेण्याचा तुमचा बेत सोडा. वाचलं नव्हतं हा बचाव टिकत नाही, आणि तारखा पडत राहतील तोवर मालिका दाखवून जुनीही झालेली असेल. शेवटचे दोन भाग अजून तुमच्याकडेच आहेत, असं लिहिलंय. ते देण्याची तारीख करारात कुठली आहे ते मला कळवा. ती उलटलेली नसेल, तर पुरवणीवर सही आधी, भाग नंतर.