चोपत्याला जाण्याआधी

ठाणे, १२ डिसेंबर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

जानेवारीत उत्तराखंडात चोपत्याला जायचं ठरलं, हे वाचून फार आनंद झाला. लेन्स कोणती न्यावी ते तू विचारलंस, पण मी आधी रस्त्याबद्दल लिहितो.

भर पावसात कसारा घाट चालवल्याचा अनुभव तिथे पुरत नाही. उखीमठच्या पुढे रस्ता बांज-बुरांशाच्या जंगलातून चढतो. ज्या वळणावर ऊन पोचत नाही तिथे डांबरावर बर्फाचा काचेसारखा थर धरतो. तिकडची माणसं त्याला ‘पाला’ म्हणतात (आपला झाडपाला नव्हे). रस्ता नुसता ओला वाटतो, आणि ब्रेक दाबला की गाडी सरकत जाते. म्हणून तिथलाच चालक घे. चोपत्याच्या अलीकडे दुगलबिट्ट्याला तो ‘बस, इथवरच’ म्हणाला, तर वाद न घालता उतर.

आता कॅमेरा. त्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो, म्हणून बर्फ मळकट येतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढव (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). याची सवय इथेच लाव. रविवारी सकाळी ऐरोलीच्या खाडीवर चिखलात उभा असलेला बगळा टिप. तिथे हिशोब उलटा असतो. काळपट चिखलामुळे मीटर उजेड वाढवतो आणि बगळ्याच्या जागी पांढरा डाग उरतो, म्हणून कमी करावं लागतं. दोन्हीकडचा अंदाज बोटांना कळू दे.

जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेव. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद कर. मी एकदा तसाच शेगडीपाशी नेला. लेन्सच्या आत बाष्प धरलं आणि दुसरी सकाळ वाया गेली.

त्याहून मोठी चूक मी हिमालयातल्या मोनाल पक्ष्याच्या बाबतीत केली. रस्त्याच्या वर वीसेक पावलांवर नर चोचीनं बर्फ उकरत होता. मी दार उघडून उतरलो, दोन पावलं चढलो, आणि तो शीळ घालत डोक्यावरून खाली दरीत झेपावला. वर जाऊन पाहिलं. पांढऱ्या बर्फात वीतभर खड्डा, भोवती उडालेली काळी माती, तळाशी अर्धवट उघडं पडलेलं मूळ. तेवढ्या घासासाठी तो किती वेळ खपला असेल! थंडीत त्यांना खाणं मुश्किलीनं मिळतं, आणि मी त्याला उगाच उडायला लावलं. अजून जिवाला लागतं ते.

तेव्हा गाडीतूनच टिप. इंजिन बंद, काच खाली, खिडकीवर तांदळाची पिशवी आणि तिच्यावर लेन्स. पक्ष्यानं उकरणं थांबवून मान वर केली की हालचाल थांबव. कस्तुरीमृगासाठी राखलेलं केदारनाथ अभयारण्य तिथेच आहे. पण तो दिसलाच पाहिजे म्हणून चालकाला जंगलात शिरायला लावू नकोस.

लेन्सचं राहिलंच. १००-४०० मिमीची पुरेल. माझी पडूनच आहे, शनिवारी नौपाड्यात येऊन घेऊन जा. पिशवी रिकामीच ने, तांदूळ ऋषिकेशला भर.

तुझा,
काका