जळगावात राहत्या घरी पाळणाघर सुरू करतेय. मुलं आजारी पडू नयेत, अपघात होऊ नये म्हणून नेमकी काय तयारी करू?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने ते चार वर्षांची पाच-सहा मुलं घेणार, भिंतींवर चित्रं काढून झाली, कॅमेराही बसवला, आता काय राहिलं? राहिलं ते बरंचसं पाण्याचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी जमिनीतली टाकी, दोनशे लिटरचे ड्रम, मोरीत भरून ठेवलेल्या बादल्या. त्यात मे महिन्यात पारा 44-45 वर. आपल्याकडच्या पाळणाघरातली दुखणी आणि अपघात शोधत गेलात तर बहुतेक वेळा माग इथेच येऊन थांबतो.

आधी बुडण्याचं. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकून बघताना तोल गेला की ते डोक्यावर पडतं, हातांनी रेटून वर येता येत नाही, आणि बादली उलटावी इतकं त्याचं वजन नसतं. दोन इंच पाणी पुरतं आणि आरडाओरडा होत नाही. म्हणून मोरी आणि संडासाला बाहेरून, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी लावा. रिकामी बादली पालथी ठेवा. जमिनीतल्या टाकीवर पत्र्याचं झाकण नुसतं टेकवून भागत नाही, त्याला बिजागरी आणि कुलूप हवं. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे नळ येण्याचा दिवस. मोटर चालू, पाइप अंगणभर, टाकी उघडी, आणि घरातलं प्रत्येक माणूस भरण्याच्या गडबडीत. त्या तासाभरात मुलं आतल्या खोलीत आणि त्यांच्याजवळ एक माणूस, ज्याला पाण्याचं कुठलंही काम सांगायचं नाही. असं माणूस मिळत नसेल तर पाणी कमी भरा.

याच पाण्यात डेंग्यूचे डास होतात. ‘आम्ही दर आठवड्याला ड्रम रिकामा करतो’ असं सांगणाऱ्यांच्या घरीही होतात, त्याचं कारण साधं आहे. हा डास अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवा, आणि त्या दिवशी ड्रम आतून काथ्याने किंवा ब्रशने घासा, नुसता खंगाळू नका. तोंडाला जाड कापड दोरीने घट्ट बांधा. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि पावसाळ्यात कोपऱ्यात सरकवलेल्या कूलरची टाकी हमखास विसरली जाते. मोठी टाकी रिकामी करणं शक्य नसेल तर आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मागा.

पिण्याचं पाणी उकळा, चांगली खळखळून उकळी फुटू द्या आणि झाकून गार करा. माठ वापरत असाल तर तोटीचाच, कारण गडवा बुडवला की बुडवणाऱ्याचा हातही पाण्यात जातो. उन्हाळ्यात गाडीवरून येणाऱ्या गार पाण्याच्या जारवर मात्र माझा अजिबात विश्वास नाही. ते थंड केलेलं असतं, शुद्ध केलेलं असेलच असं नाही. मुलांना तेही उकळूनच द्या.

पाण्याचं शेवटचं: एप्रिल-मेमध्ये दुपारी नळ सोडलात तर गच्चीवरच्या टाकीतलं आणि उन्हात तापलेल्या पाइपातलं पाणी चटका बसण्याइतकं कढत येतं. मुलाचं ढुंगण धुवायला सरळ नळाखाली धरू नका. सकाळीच दोन झाकणाच्या बादल्या भरून ओट्यावर ठेवा, दुपारी त्यातलं पाणी घ्या, आणि आधी आपल्या मनगटावर घालून बघा.

कूलरशिवाय तर भागणारच नाही, पण लोखंडी बॉडीच्या कूलरचं मला मुलांच्या खोलीत भय वाटतं. पंपातून किंवा वायरीतून करंट बॉडीत उतरतो आणि ओल्या हाताचं मूल त्याला धरतं. साधा एमसीबी एवढ्याशा गळतीला पडत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला इलेक्ट्रिशियन ईएलसीबीही म्हणतात, तो बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठाक पडतो आणि नेमकं तेव्हाच अर्थिंग कमजोर होतं, म्हणून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. शक्यतो कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. ती बंद राहिली की खोलीत दमट हवा कोंडते, घाम वाळत नाही, आणि मूल गार वाऱ्यात बसूनही उकडून निघतं.

अकरा ते चार मुलं बाहेर काढूच नका. पत्र्याची खोली असेल तर दुपारी तिथे ठेवू नका. स्लॅब असेल तर उन्हाळ्याआधी गच्चीला चुना मारून घ्या. पाणी मागितल्यावर नव्हे, दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन-चार घोट द्यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी उन्हाळ्यातही नको, दूधच जास्त वेळा. सहा तासांत लघवी झाली नाही, मूल मलूल पडलं, अंग तापून कातडी कोरडी लागली, तर कपडे काढा, अंग साध्या पाण्याने ओलं करून वारा घाला आणि दवाखाना गाठा. आई दूध काढून देत असेल तर ते आल्या-आल्या फ्रिजमध्ये ठेवा. ‘बाहेर चार तास चालतं’ हा नियम 25 अंशांपर्यंतचा आहे, आपल्या मे महिन्याचा नाही.

आता संसर्ग. एका मुलाचं दुसऱ्याला होतं ते मुख्यतः सांभाळणाऱ्याच्या हातांतून, आणि स्पष्टच सांगते, पदरातून. एकाच पदराने चौघांची नाकं पुसली की सर्दी सगळ्यांना वाटून झाली. प्रत्येक मुलाचा वेगळा नॅपकिन, त्यावर नाव, आणि रोज उन्हात. डायपर बदलायची जागा स्वयंपाकघरापासून लांब, एकच ठरलेली, रेक्झिनची. मूल आणण्याआधी सगळं सामान हाताशी काढून ठेवा, कारण मूल उंचावर ठेवून पावडर आणायला वळलात की ते पडतं. पुसणं पुढून मागे. घाण डायपर गुंडाळून झाकणाच्या डब्यात. मग मुलाचे हात, मग रेक्झिन, आणि शेवटी आपले हात साबणाने, किमान 20 सेकंद, वाहत्या पाण्याखाली. हात आधी धुवून मग रेक्झिन पुसलं की धुतलेले हात फुकट गेले.

रेक्झिन आणि प्लास्टिकच्या खेळण्यांसाठी बाजारात मिळणारं सुमारे 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक लिटर पाण्यात 20 मिली. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने धुवा. उलटी किंवा जुलाब जमिनीवर झाले असतील तर घाण आधी कागदाने उचला आणि मग कडक द्रावण वापरा: एक वाटी हायपोक्लोराइट, नऊ वाट्या पाणी. द्रावण रोज ताजं करा, बाटली सावलीत ठेवा; ऊन आणि उष्णतेने ते मरतं. संडासाच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

कुठल्या आजारात मूल घ्यायचं नाही, हे प्रवेश देतानाच कागदावर लिहून सही घ्या. आयत्या वेळी आई दारात, तिची गाडी चुकतेय, तेव्हा तुमच्याच्याने ‘नाही’ म्हणवणार नाही. जुलाब-उलट्या थांबून निदान 24 तास, जमलं तर 48. ताप औषध न देता 24 तास उतरलेला हवा. कांजिण्यांच्या सगळ्या खपल्या सुकेपर्यंत सुट्टी, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. साध्या सर्दीला परत पाठवू नका, नाहीतर पावसाळाभर पाळणाघर रिकामं राहील. दारातच रोज एक प्रश्न विचारा: ‘सकाळी काही औषध दिलंय का?’ आठला पॅरासिटामॉल पाजून सोडलेलं मूल बाराला फणफणतं.

पॅरासिटामॉलचा घोळ नीट समजून घ्या. डोस वजनावर असतो, किलोला 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला 150. बाजारात ते तीन ताकदींत मिळतं. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत 100 मिलिग्रॅम, म्हणजे दीड मिली पुरे. 5 मिलीत 125 असलेलं सिरप 6 मिली लागतं, 5 मिलीत 250 वालं 3 मिली. घरी 125 चं ‘सहा मिली’ देणाऱ्या आईने एक दिवस 250 ची बाटली पाठवली की डोस दुप्पट. थेंबांची बाटली आली आणि तुम्ही सहाच मिली दिलंत तर चौपट. म्हणून औषध मूळ बाटलीतूनच, आईबापांच्या हातच्या चिठ्ठीवर किती मिली आणि किती वाजता ते लिहिलेलं असेल तरच, आणि दिल्याची वेळ त्याच चिठ्ठीवर टिपायची. दोन डोसांत निदान चार तास, दिवसात चारच्या वर नाही. अॅस्पिरिन नाही. खोकल्याचं सिरप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊच नका. 2025 च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचं प्रकरण उघडकीस आलं, भेसळीच्या सिरपने मुलं दगावली होती, तेव्हा केंद्राच्या आरोग्य विभागाने दोन वर्षांखाली असली औषधं लिहूच नयेत असं पुन्हा बजावलं.

तापात झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा किंवा चप्पल नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर 108. थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टर.

जुलाब लागले की ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला अंदाजाने करू नका, मीठ कमीजास्त होतं. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, त्यावरच्यांना 100 ते 200, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका, जादा साखरेने जुलाब वाढतात. झिंक डॉक्टर लिहून देतील: सहा महिन्यांवर रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी ते पुरतं द्यायचं, आणि ते बहुतेक घरांत अर्ध्यावर सोडलं जातं.

खाण्यात आपल्या घरांत सगळीकडे सांडलेले असतात ते शेंगदाणे आणि फुटाणे. चार-पाच वर्षांखाली अख्खा दाणा नको. तो भिजून फुगतो, श्वासनळीत अडकतो, आणि कधीकधी मूल दोन दिवस नुसतं खोकत राहतं. शेंगदाण्याचा कूट चालतो. द्राक्ष उभं चार फाकांत कापा. बोरं, चिंचोके, सीताफळाच्या बिया हाती लागू देऊ नका. बट्टी वरणात पूर्ण कुस्करून. चालताना, हसताना, रडताना घास नको. घास अडकला आणि आवाज निघत नसेल, तर वर्षाखालच्या बाळाला मांडीवर डोकं खाली करून पालथं घ्या, दोन खवाट्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच फटके, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. वर्षावरच्या मुलाला पाच फटके आणि मागून मिठी घालून बेंबीच्या वर पोट आत-वर पाच वेळा. निघेपर्यंत आलटून-पालटून. दिसत नसलेलं काही काढायला घशात बोट घालू नका, आणखी खोल जातं. हे वाचून येत नाही. पहिलं मूल घेण्याआधी बाहुलीवर करून बघा.

वर्षाच्या आत मध किंवा मधात उगाळलेली घुटी नाही. ‘काही व्हत नही’ म्हणणाऱ्या आजी भेटतील, पण मधातल्या जंतूने लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. झोपवताना उताणं, राईची उशी बाजूला, पांघरूण तोंडापासून लांब. झोळीत झोप लागली की काढून सपाट गादीवर ठेवा. वळवळणारं मूल कापडात गुरफटतं.

फिनाइल, अॅसिड आणि शेतावरून आलेलं कपाशीच्या फवारणीचं औषध कुलपात, आणि कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत नाही. डांबराच्या गोळ्यासुद्धा कुलपात. काही गिळलं तर उलटी काढू नका, डबी बरोबर घेऊन निघा. दिल्लीच्या एम्सच्या विष माहिती केंद्राचा नंबर 1800 116 117 आहे. रिमोट-खेळण्यातला चपटा सेल गिळल्याचा संशय आला तरी वाट बघायची नाही, अन्ननलिका दोन तासांत भाजू लागते. धाब्याचं घर असेल तर विंचवासाठी चपला, गाद्या झटकूनच वापरा. विंचू चावून मूल घामाघूम झालं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर मंत्र-उतारा शोधत बसू नका, दवाखाना गाठा. या विषावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं आहे.

एकट्याच सांभाळणार असाल तर न चालणारी बाळं दोनच घ्या. गॅस पेटला तर दोन कडेवर घेऊन बाहेर पडता येतं, तिसरं आत राहतं.

प्रवेशाच्या कागदात माता व बाल संरक्षण कार्डाची प्रत घ्या आणि नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा गोवर-रुबेलाचा डोस झालाय का ते बघा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं आवर्जून विचारा. नंदुरबार, धुळे, सातपुड्याच्या पट्ट्यातल्या कुटुंबांत तो पुष्कळ आहे, आणि अशा मुलाला पाणी कमी पडलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना लागतो, संध्याकाळी आई येईपर्यंत थांबता येत नाही. दाराशी एक कागद लावा: 108, आई, वडील, जवळचं गाडीवालं माणूस, मुलांचे डॉक्टर, आणि प्रत्येक मुलाचं वजन. वजन दर महिन्याला खोडून नवं लिहा.