आईचा अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा संपत आलाय. मी डॅलसला, आई कोल्हापुरात. रिन्यूअल एजंटकडे द्यावं का?

नको. फॉर्म तुम्हीच भरा, पण आईला व्हिडिओ कॉलवर समोर बसवून भरा.

आधी एक बघा: संपतोय तो व्हिसा की पासपोर्ट? हसू नका. राजारामपुरीतल्या एका मावशींचा पासपोर्ट संपला होता, बी-१/बी-२ म्हणजे व्हिजिटर व्हिसाला अजून काही वर्षं होती. एजंट म्हणाला, पासपोर्ट नवा म्हणजे व्हिसाही नवा. १८५ डॉलर फी भरून घेतली, वर स्वतःची दक्षिणा वेगळी. ती फी परत मिळत नाही. वास्तविक रद्द झालेल्या जुन्या पासपोर्टमधला व्हिसा त्यावरच्या तारखेपर्यंत चालतो. दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे, तिकीट नव्यावर काढायचं, काउंटरवर दोन्ही पुढे करायचे. व्हिसाचं पान फाटलेलं नसावं. आणि तो स्टिकर सोलून नव्या पासपोर्टात चिकटवायचा उद्योग कुणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

व्हिसाच संपत असेल तर डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा. वीस मिनिटं हात लावला नाही की पान बंद पडतं, म्हणून एए००ने सुरू होणारा नंबर पहिल्याच पानावर लिहून घ्या. आपल्याकडच्या बायकांचं घोडं अडतं ते नावांत. लग्नात आडनाव बदललं, बऱ्याच घरांत पहिलं नावही बदललं. फॉर्ममध्ये ‘आणखी कोणती नावं वापरली’ असा प्रश्न येतो, तिथे माहेरचं पूर्ण नाव टाका, ‘नाही’ म्हणून पुढे जाऊ नका. देवनागरीत नाव लिहायलाही एक रकाना आहे. जन्मतारीख पासपोर्टवरचीच, शाळेत गुरुजींनी १ जून लावली असेल तर १ जूनच. आईच्या आई-वडिलांच्या जन्मतारखा ठाऊक नसतात, त्यासाठी ‘माहीत नाही’चा चौकोन आहे. अंदाजाने काही ठोकू नका. जुन्या व्हिसाचा नंबर म्हणजे खाली उजवीकडचे लाल आकडे. मागच्या पाच अमेरिकावाऱ्यांच्या तारखा विचारतात, त्या आय-९४च्या (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) साईटवर प्रवासाच्या इतिहासात बघून घ्या.

तुम्ही सिटिझन होऊन आईसाठी ग्रीन कार्डचा आय-१३० भरला असेल तर ‘तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केलाय का’ या प्रश्नाला ‘हो’च. तो अर्ज त्यांच्याच दप्तरी असतो, लपवलात तर साधं रिन्यूअल खोटेपणाच्या प्रकरणात जातं.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून, सहा महिन्यांच्या आतला. फोटोवाल्याला ‘पासपोर्ट साईझ’ म्हणालात तर तो भलत्याच मापाचा देणार.

मुलाखतीतून सूट हल्ली सरसकट मिळत नाही. ऐंशीच्या घरातल्या आजींना वयावर मिळायची ती सवलतही २ सप्टेंबर २०२५ पासून गेली. आता जुना व्हिसा पूर्ण मुदतीचा हवा, तो घेताना वय १८ पूर्ण हवं, आणि संपून १२ महिन्यांच्या आत अर्ज हवा. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती, त्या हिशेबाने गाफील राहू नका. सूट मिळूनही मुलाखतीला बोलावू शकतात. अपॉइंटमेंटवरचा बारकोड नंबर आणि डीएस-१६०चा नंबर एकच हवा. चूक सापडून फॉर्म नव्याने भरला तर अपॉइंटमेंटमध्येही नवा नंबर घाला.

मुलाखत मुंबईत बीकेसीला, बोटांचे ठसे त्याआधी वेगळ्या केंद्रावर. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघून, सकाळी दादरला उतरून थेट रांगेत हा बेत वयस्कर माणसासाठी नको. गाडी लेट झाली तर अपॉइंटमेंट गेली. आदल्या दिवशी पोहोचावं. मुलाखत मराठीत देता येते, बिनधास्त मागा.

आता पाहुण्यांचा लाडका मुद्दा. ‘पोराचा पगार दाखवा, स्पॉन्सर लेटर जोडा, खात्यात चार-पाच लाख फिरवून ठेवा.’ माझ्या घरात यावर वाद झालेत, आणि प्रत्येक लग्नाला तेच मेहुणे भेटत असल्याने पुन्हा होतील. व्हिजिटर व्हिसाला निमंत्रणपत्र किंवा ॲफिडेव्हिट लागत नाही, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातंच सांगतं. नकार येतो तो त्यांच्या कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली, म्हणजे आई परत येईल याची खात्री पटली नाही म्हणून. ती खात्री तुमच्या डॅलसच्या पगाराने कशी पटणार? ती आईची पेन्शन, घर, ऊसबिल, इथली भावंडं यांनी पटते. सातबारा फाइलमध्ये असू दे, मागितला तरच काढायचा. ‘किती दिवस राहणार?’ याचं उत्तर आईच्या तोंडून, फॉर्मशी जुळणारं यावं. एजंटने परस्पर भरलेल्या फॉर्ममध्ये काय लिहिलंय हे तिला माहीतच नसतं, गोची होते ती तिथे.

‘बाळ सांभाळायला चाललेय’ हे वाक्य मात्र अडचणीचं. नातवाला भेटायला जाणं वेगळं, आणि बाईचा खर्च वाचवायला आजीला सहा महिने बसवणं वेगळं. दुसरं करणार असाल तर अधिकाऱ्याचा संशय खराच आहे, आणि आईला खोटं बोलायला शिकवू नका.

पोहोचल्यावर व्हिसाची तारीख विसरा. राहण्याची मुदत आय-९४वर असते, बहुधा सहा महिने. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर मुदतही तिथपर्यंतच देऊ शकतात, म्हणून पासपोर्ट आधी नवा करा. ते काम कोल्हापुरातच होतं. मुदत वाढवायची तर आय-५३९ हा अर्ज ती संपण्याआधी भरा. एक दिवसही जास्त राहिली तर दहा वर्षांचा व्हिसा बाद.

विमा घेताना आधीच्या दुखण्यांचं कलम वाचा. बीपी-शुगर असलेल्यांना स्वस्त पॉलिसी बहुतेक वेळा ऐनवेळी उपयोगी पडत नाही. गोळ्या हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीवर औषधाचं जेनेरिक नाव हवं.

हे सगळं बी-१/बी-२ पुरतं. कधी नकार आला असेल, किंवा मुदतीपेक्षा जास्त राहणं झालं असेल, तर माझं न ऐकता वकील गाठा. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा फी भरण्याच्या दिवशी वकिलातीची साईट उघडून मुलाखतीतून सूट मिळण्याच्या अटी पुन्हा वाचा. आणि कांदा-लसूण मसाला नेताना कस्टमच्या प्रश्नाला ‘खाण्याचं आहे’ असं सांगायचं. कढीपत्ता मात्र घरीच ठेवा, तो काढून घेतात.