रिपोर्टमध्ये 38च राहू द्या

(मालवणहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. होडीवरची बॅटरी वायर न जोडता चार्ज करायचा प्रोजेक्ट त्याने स्वतः बनवलाय. दोन कॉइलमध्ये चार सेंटिमीटर अंतर, कार्यक्षमता 38 टक्के. वडील लिहितात, "बल्ब सगळ्यात लख्ख पेटतो तिथे सेट केलंय, याच्यापुढे जात नाही म्हणतो. रिपोर्टमध्ये 85 लिही म्हटलं तर ऐकत नाही. रेडिमेड प्रोजेक्ट आणून देतो म्हटलं तर बोलणंच सोडलंय. याला कुठल्या लाइनला घालू?")

नमस्कार.

लाइनचं नंतर बघू. आधी त्या 85चं बोलू. मुलाने मीटर लावून आकडा काढला, तो कमी आला, तरी त्याने तो बदलला नाही. आणि तुम्ही, त्याचे वडील, त्याला तो बदलायला सांगताय. तुम्हाला त्याच्या मार्कांची काळजी आहे हे मला कळतं. पण उद्या हाच मुलगा एखाद्या ट्रान्सफॉर्मरच्या टेस्ट रिपोर्टवर सही करणार आहे. खोटं रीडिंग लिहायची पहिली सवय त्याला घरातून लागावी, असं तुम्हाला खरंच वाटतं का? त्याने बोलणं सोडलंय ते हट्टाने नव्हे. स्वतः गुंडाळलेल्या कॉइलपेक्षा विकतचा डबा बरा, असं वडीलच म्हणाले, हे त्याला लागलंय.

38 म्हणजे लाज वाटण्यासारखं काही नाही. 2007 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दोन मीटरवरून 60 वॉटचा बल्ब पेटवला, तेव्हा कार्यक्षमता साधारण 40 टक्के होती. त्यांनी तेवढीच छापली. अर्थात ते अंतर दोन मीटर होतं, याचं चार सेंटिमीटर आहे. म्हणजे याला वर जायला बरीच जागा आहे. मोबाइलच्या वायरलेस चार्जरशी मात्र याची तुलना करू नका. तो कॉइलपासून काही मिलिमीटरवर असतो. अंतर वाढलं की कपलिंग, म्हणजे एका कॉइलचं चुंबकीय क्षेत्र दुसरीपर्यंत किती पोचतं ते, झपाट्याने पडतं.

आता तो जिथे अडलाय ते. बल्ब सर्वात लख्ख म्हणजे कार्यक्षमता सर्वात जास्त, हा समज चुकीचा आहे, आणि तो भल्याभल्यांचा असतो. ठरावीक व्होल्टेजच्या सप्लायवर लोडला, म्हणजे इथे बल्बला, जास्तीत जास्त पॉवर मिळते तेव्हा निम्म्याहून अधिक वीज कॉइलच्या आणि सप्लायच्या रेझिस्टन्समध्येच जळते. म्हणजे त्या सेटिंगवर 50 टक्के कधीच ओलांडता येणार नाहीत, कितीही वेढे घाला. लोड बदलत प्रत्येक वेळी इनपुट आणि आउटपुट दोन्ही मोजले, की बल्ब थोडा मंद पण कार्यक्षमता जास्त, अशी जागा सापडेल. त्याच्याही वर जायचं तर कपलिंग आणि क्यू फॅक्टर यांचा गुणाकार वाढवावा लागतो. कॉइल स्वतःत वीज जितकी कमी वाया घालवते, तितका तिचा क्यू फॅक्टर जास्त. दोन्ही कॉइल सारख्या धरल्या तर हा गुणाकार 1 असताना वरची मर्यादा 17 टक्के, 10 असताना 80च्या थोडी वर. त्याने मोटर रिवाइंडिंगची जाड इनॅमल वायर वापरली असावी असा माझा अंदाज आहे. गाड्यांच्या वायरलेस चार्जिंगची फ्रिक्वेन्सी 85 किलोहर्ट्झच्या आसपास असते, आणि तिथे करंट तांब्याच्या वरच्या पाव मिलिमीटरहून पातळ थरातूनच मुख्यतः वाहतो. जाडी वाया जाते. म्हणून बारीक इन्सुलेटेड तारांची वळलेली लिट्झ वायर वापरतात, आणि कॉइलच्या मागे फेराइट, म्हणजे चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या कॉइलकडे वळवणारं सिरॅमिक.

विषय त्याने स्वतःच्या किनाऱ्यावरून उचललाय, हे तुमच्या लक्षात आलं नाही का? खाऱ्या हवेने चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात, हे मालवणात कोणाला सांगायला हवं? समुद्राचं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे दोन कॉइलच्या मधल्या जागेत पाणी आलं की नुकसान वाढतं का, किती वाढतं, हे त्याने बादलीभर समुद्राच्या पाण्यावर मोजावं. परीक्षक असा तक्ता पाहून थांबतो.

लाइन: डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, इलेक्ट्रिकलच. पुढे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स. महावितरणची भरती डिग्री करतानाही देता येते.

रेडिमेड प्रोजेक्टसाठी बाजूला काढलेले पैसे त्याला लिट्झ वायर आणि फेराइटसाठी द्या. पण सामान आणण्याआधी, आहे त्याच कॉइलवर लोड बदलून त्याला रीडिंग घेऊ दे. तुम्ही शेजारी बसून आकडे लिहून घ्या.