सिल्व्हर ओक वाळला. त्या जागी आता काय?

प्रश्न : परभणीत आमच्या अंगणात पश्चिमेच्या भिंतीलगत दोन लाल बॉटलब्रश आहेत आणि त्यांच्या मधोमध सिल्व्हर ओक होता. तिसऱ्या वर्षी त्याची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. यंदा पावसाळा सरता सरता झाड वाळलं. जमीन काळी, पाणी बोअरचं. लावताना दोन फुटांच्या खड्ड्यात शेणखत घातलं होतं, दरवर्षी मूठभर डीएपीही देत होतो. आता १२ बाय ८ फुटांची जागा रिकामी आहे. झाड ऑस्ट्रेलियाचंच हवं आणि भिंतही झाकायला हवी.

उत्तर : पुन्हा सिल्व्हर ओक लावू नका. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. आपल्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. कोरड्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. त्यात सिल्व्हर ओक ज्या कुळातला आहे, त्याची मुळं स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेल्या जमिनीतून तो ओढून घ्यायला घडलेली, म्हणून जादा स्फुरद त्याला बाधतो. डीएपीत ४६ टक्के स्फुरद! शिवाय जादा स्फुरदाने लोह आणखी अडतं. शेवटचा घाव बहुधा खड्ड्याने घातला असावा. चिकण काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात हौद होतो आणि मुळं गुदमरतात. खात्री करायची तर दीड फूट खोल खड्डा पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर निचरा नाही असं समजा.

‘ऑस्ट्रेलियन झाड’ एवढं म्हणून भागत नाही. तिथली पुष्कळ शोभेची झाडं रेताड, आम्लधर्मी जमिनीतली आहेत; ती आपल्याकडे पिवळीच पडतात. ओढ्याकाठच्या भारी चिकणमातीत वाढणारं झाड शोधायचं. तुमच्या जागेसाठी आमची पसंती मेलाल्युका ब्रॅक्टियाटाला. त्याचा सोनेरी पानांचा प्रकार रोपवाटिकेत ‘गोल्डन बॉटलब्रश’ म्हणून मिळतो. नावावर जाऊ नका, सोनेरी आहे ते पान. फूल पांढरट असतं. मोकळं सोडलं तर १२ ते १५ फूट जातं, भिंत झाकायला पुरे. ऊन मात्र भरपूर हवं, सावलीत पान हिरवं पडतं.

लावायची घाई करू नका. आधी जुना बुंधा आणि जाड मुळं काढा, नाहीतर वाळवी येईल. मग ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि सव्वा फूट उंच गादी करा : दोन भाग तिथलीच माती, एक भाग मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं खत. अर्धकच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. बॉटलब्रशच्या बुंध्यांपासून माती दोन फूट लांबच ठेवा. बुंध्याला माती चढली की साल सडते.

माती बसेपर्यंत गादी रिकामी ठेवायचं कारण नाही. कागदी फुलं, म्हणजे हेलिक्रायसम, मूळची ऑस्ट्रेलियाचीच. ऑक्टोबरमध्ये ट्रेमध्ये बी टाका, पण वर माती लोटू नका. उगवायला उजेड लागतो, नुसतं दाबायचं. चार-पाच आठवड्यांनी एकेका फुटावर लावा. सुकवायची असतील तर फुलं अर्धी उमलताच तोडा.

झाड पुढच्या जुलैत, दोन चांगले पाऊस झाल्यावर, गादीच्या मधोमध लावा. दोन-अडीच फुटी रोप घ्या. पिशवीत मुळांचं वेटोळं झालेलं जुनं, उंच रोप स्वस्तात मिळालं तरी नको. भोवती तीन इंच पालापाचोळा पसरा, बुंध्याशी चार बोटं जागा सोडून. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते तेव्हा बारीक मुळं तुटतात, ती यामुळे वाचतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर पाणी द्या. रोज तांब्याभर दिलं तर मुळं वरच राहतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षारही वरच साचतात.

झाडाच्या पुढ्यात काही बुटकं हवंच असेल तर पट्टेदार पानांची डायनेला चालेल, पण दुपारनंतर सावली मिळेल तिथेच. मे महिन्याच्या उन्हात पानांची टोकं करपतात. नीलगिरी या जागेला फार मोठी होते आणि ऑस्ट्रेलियन बाभळीच्या फांद्या वादळात मोडतात. दोन्ही टाळा.

प्रश्न : बॉटलब्रशची पानंही थोडी पिवळी दिसतात. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकू का?

उत्तर : चुनखडीच्या मातीत हिराकस टाकला तर त्यातलं लोहही लगेच अडकतं. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. १५ दिवसांच्या अंतराने तीनदा. मातीतूनच द्यायचं तर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, घ्या. ‘ईडीटीए’ लिहिलेलं स्वस्त पडतं, पण आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत टिकत नाही. डीएपी बंद करा. बहर ओसरला की सुकलेल्या ब्रशच्या लगेच मागे छाटा. तिथून दोन-तीन फुटवे येतात आणि झाड भरतं.

प्रश्न : मुलगा मेलबर्नहून येतोय. तिथून बी आणायला सांगू का?

उत्तर : नको. आयात परवाना आणि तिथलं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसेल तर बियाणं विमानतळावर अडवलं जातं. वरची रोपं रोपवाटिकांत मिळतात, हेलिक्रायसमचं बीही बियाण्याच्या दुकानात मिळतं.