येळवसला शेतात बोलावलंय? मग आदल्या रात्रीच पोचा

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या मित्रानं लातूरजवळच्या शेतात येळवसला बोलावलंय, सोबत सहा वर्षांची मुलगी आहे. सकाळी पुण्याहून निघून दुपारी जेवून परत फिरलं तर चालेल का? चालेल, पण मग फक्त जेवण होईल. मी एकदा नोकरीच्या घाईत तसंच केलं होतं. चार वाजता गाडीत बसताना आजी म्हणाली, "जेवाय आला हुतास व्हय? मला वाटलं येळवसला आलास."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली; शेतात जाऊन पूजा आणि पंगत करायचा सण. तारीख दरवर्षी सरकते. २०२४ मध्ये तर ११ जानेवारीला एकदा आणि ३० डिसेंबरला दुसऱ्यांदा आली. लातूर, धाराशिव आणि सोलापूरचा काही भाग यापलीकडच्या मराठी माणसाला ती फारशी माहीत नसते. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीत मात्र हाच सण एळ्ळ अमावास्या म्हणून होतो. त्या दिवशी लातूर शहरातल्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो. ज्याचं शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. त्यामुळे आपण परके, असा संकोच अजिबात धरू नका.

खरी मजा आदल्या रात्री. घरभर भाज्यांचे ढीग पडलेले असतात. तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, भुईमूग, मेथी, पालक, चुका, पातीचा कांदा, गाजर, बोरंसुद्धा. सगळ्या बाया आणि पोरं सोलत बसतात, कुणाची तरी उणीदुणी निघतात, आणि मध्यरात्रीनंतर चिंचेच्या कोळात बेसन कालवून भज्जी शिजायला लागते. भज्जी म्हटल्यावर पुण्याचे लोक तळणाची वाट बघतात; ही तशी नाही, ही दाटसर मिसळभाजी. आंबील त्याआधीच लागलेली असते: ताकात ज्वारीचं पीठ आंबवून शिजवायचं, मग लसूण, आलं, मिरचीचं वाटण. मुलीला शेंगा सोलायला बसवा. तुम्हीही बसा. पाहुण्यांनी नुसतं बसून राहिलेलं आमच्याकडे कुणाला आवडत नाही, फक्त तोंडावर सांगणार नाहीत.

सकाळी आंबिलाची बिंदगी, म्हणजे मडकं, डोक्यावर घेऊन सगळे शेतात. लहानपणी आमची बैलगाडी असायची, पण बिंदगी गाडीत ठेवायची नाही, चालतच न्यायची, असा आजीचा कायदा. एका वर्षी धाकट्या काकाचा बांधावर पाय घसरला आणि बिंदगी फुटली. सगळे गप्प. आजी म्हणाली, "भुईची हुती, भुईनं पिली. चला." शेजारच्या शेतातून दोन तांबे आंबील आली आणि पूजा झाली.

पूजा कोपीत असते. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली छोटी खोप, वर शाल, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड. हे पाच पांडव. नैवेद्य झाला की चर शिंपायचा: एकजण पिकात आंबील शिंपडत पुढं, बाकीचे मागं "ओलगे ओलगे, सालम पोलगे" ओरडत. अर्थ विचारू नका, माझे आजोबाही सांगू शकले नाहीत. सूर कन्नड वळणाचा आहे आणि पुढच्या गावात शब्दही बदलतात. मोठ्यानं ओरडायचं, एवढंच.

मग पंगत. बाजरीचे उंडे, भज्जी, गव्हाची खीर, तिळाची पोळी. आंबील जपून प्या. माझा मुंबईचा मेव्हणा पहिल्याच वर्षी पाच तांबे प्याला आणि चिंचेखाली असा झोपला की उन्हं फिरली तरी हलला नाही. लोक त्याच्या अंगावरून ये-जा करत होते.

संध्याकाळी आमच्याकडे लहान मडक्यात दूध उतू घालतात. ज्या दिशेला उतू जाईल तिकडे पीक चांगलं, असं म्हणतात. (आमच्या दोन काकांची शेतं विरुद्ध दिशांना आहेत, त्यामुळे मडकं ठेवण्यावरूनच वाद होतात.) अंधार पडला की हेंडगा, म्हणजे कडब्याची पेटती पेंढी घेऊन पोरं शेताभोवती धावतात. आजूबाजूच्या शेतांतूनही तशाच ज्वाळा पळताना दिसतात. मुलीला हे दाखवल्याशिवाय निघू नका. फक्त नायलॉनचं जर्किन काढून सुती किंवा लोकरीचं घाला, ठिणग्या उडतात. थंडी चांगलीच असते.

निघताना भज्जी डब्यात भरून मागा, दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. आंबील दिली तर बाटली अर्धीच भरा आणि झाकण सैल ठेवा. त्याच मेव्हण्यानं घट्ट लावलं होतं. लातूरजवळचं मुरूड यायच्या आत एसटीत बाटली फुटली, आणि कंडक्टरनं आधी रुमालानं तोंड पुसलं, मग बोटं चाटून विचारलं, "कुठल्या शेतातली?"